१४ केबीत एसटीचं वेळापत्रक: हलकं आणि मुक्त सॉफ्टवेअर पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

टॉवर उभा राहिला की गावात इंटरनेट आलं, असं कागदावर धरलं जातं. प्रत्यक्षात सातपुड्यातल्या किंवा भामरागडकडच्या एखाद्या पाड्यावर रेंजची जेमतेम एक दांडी दिसते, फोन जुना असतो, त्यातली जागा संपत आलेली असते आणि उघडायचं पान दोन-तीन एमबीचं असतं. अशा माणसासाठी ते पान नसल्यातच जमा. टॉवर उभारणं तुमच्या-माझ्या हातात नाही, पण पान हलकं करणं आहे. त्यासाठी मोठी कंपनी, महागडा संगणक किंवा इंजिनिअरिंगची पदवी यातलं काहीही लागत नाही.

हा विचार जुना आहे. डिलो नावाचा छोटा मुक्त (कुणीही वापरावा, बदलावा आणि वाटावा असा) ब्राउझर होर्हे अरेयानो सिद यांनी डिसेंबर १९९९ मध्ये सुरू केला तो याच हेतूने: जुना संगणक आणि मंद जोडणी असलेल्या माणसालाही माहितीपर्यंत पोचता यावं. आपल्याकडे उलट्या टोकाचा प्रयोगही झाला होता. ठरावीक संकेतस्थळं तेवढी फुकट द्यायची आणि बाकी इंटरनेटला पैसे लावायचे, अशी ती योजना होती. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने फेब्रुवारी २०१६ मध्ये दरांतल्या भेदभावाला मनाई करून ती थांबवली. मग गरिबाच्या फोनवर अख्खं इंटरनेट परवडावं कसं? त्याचं एक उत्तर आपण लिहितो त्या सॉफ्टवेअरच्या वजनात आहे.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे: एका आगारातून सुटणाऱ्या एसटी गाड्यांचं वेळापत्रक. आम्ही काही जणांनी असं पान केलं आहे, म्हणून त्यातले खाचखळगे ठाऊक आहेत. तुम्ही याच्या जागी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वारांची यादी, आठवडी बाजार किंवा शाळेच्या शिष्यवृत्त्यांची माहिती घेतलीत तरी पायऱ्या त्याच राहतील.

लागणारं साहित्य

- चार जीबी रॅमचा कोणताही जुना संगणक. विंडोज रखडत असेल तर त्यावर लुबुंटू किंवा एक्सएफसीईवालं डेबियन अशी हलकी लिनक्स प्रणाली टाका.
- जीनीसारखा साधा मजकूर संपादक, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. तिन्ही मुक्त आहेत.
- फायरफॉक्स, क्रोमियम आणि डिलो हे तीन ब्राउझर.
- एक ते दोन जीबी रॅमचा जुना अँड्रॉइड फोन आणि डेटा जाईल अशी यूएसबी केबल. नुसती चार्जिंगची केबल चालत नाही.
- मिळाला तर कुणाचा तरी वापरातला जिओफोन.
- माहिती कुठून, कधी आणि कुणाकडून मिळाली हे लिहायला एक वही. ही वही पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

१. आधी माणूस आणि फोन ठरवा

"सगळ्यांसाठी" करायला निघालात तर ते शेवटी तुमच्याच फोनवर चालणारं काहीतरी होईल. एक माणूस नजरेसमोर आणा. वस्तीची गाडी पहाटे किती वाजता निघते हे आदल्या रात्री बघणारी बाई. तिच्याकडे मुलाचा जुना फोन आहे, पडद्याला तडा गेलेला आहे आणि दिवसाचा डेटा संध्याकाळपर्यंत संपतो. आता तिच्या फोनचं मॉडेल, त्यातली अँड्रॉइडची आवृत्ती आणि ब्राउझरची आवृत्ती कागदावर लिहून काढा.

कीपॅडचा जिओफोनही यादीत घ्यायचा असेल तर एक गोष्ट आधीच कळलेली बरी. २०१७ मध्ये आलेल्या या फोनवर कायओएस असतं आणि त्याची २.५ ही आवृत्ती फायरफॉक्स ४८ च्या इंजिनावर उभी आहे. पानाची मांडणी करणारं सीएसएस ग्रिड आणि पानाकडून कामं करवून घेणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेतलं असिंक-अवेट या दोन्ही गोष्टी फायरफॉक्समध्ये ५२ व्या आवृत्तीपासून आल्या. म्हणजे आजच्या कुठल्याही शिकवणीत पहिल्याच दिवशी शिकवतात त्या या दोन गोष्टी तिथे चालणारच नाहीत. पडदा २४० बाय ३२० चा आहे आणि त्याला स्पर्श कळत नाही. त्यामुळे प्रत्येक दुवा बाणाच्या बटणांनी गाठता आला पाहिजे.

२. वजनाची मर्यादा लिहून ठेवा

कोड लिहायला बसण्यापूर्वी कामाची ओळख करून देणाऱ्या रीडमी फाईलमध्ये एक ओळ टाका: पहिलं पान दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) स्वरूपात १४ केबीच्या आत, आणि सगळं मिळून ५० केबीच्या आत.

१४ हा आकडा का? पान पाठवणारा संगणक, म्हणजे सर्व्हर, जोडणीच्या सुरुवातीला एकदम सगळं पाठवत नाही. २०१३ मध्ये सुचवलेल्या आणि आज सर्रास वापरात असलेल्या मर्यादेप्रमाणे तो पहिल्या फेरीत साधारण १० पाकिटं सोडतो. एकेका पाकिटात १,४६० बाइटच्या आसपास मजकूर मावतो, म्हणजे सगळे मिळून १४ केबीहून थोडं जास्त. फोनकडून पोच आल्यावर पुढची पाकिटं निघतात. चांगल्या फोरजीवर ही ये-जा जाणवत नाही. डोंगराआडच्या एका दांडीवर मात्र एकेक फेरी अर्धा-अर्धा सेकंद खाते आणि मध्येच पाकीट हरवलं तर आणखी थांबायला लागतं. पान पहिल्याच फेरीत बसलं तर रेंज यायच्या-जायच्या त्या क्षणात काम होऊन जातं.

वजन नंतर कमी करू असं म्हणू नका. एकदा मोठी तयार चौकट (फ्रेमवर्क), आयकॉनचा संच आणि नकाशाची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, आत आली की तिच्यावर पुढचं सगळं उभं राहतं आणि मग ती काढायला कुणी धजत नाही. मर्यादा पहिल्या दिवशी लिहिलेली असली की "हे टाकायचं का?" हा वाद आकड्यानेच मिटतो.

३. माहिती गोळा करा, आणि ती हक्काने गोळा करा

आगार व्यवस्थापकांना भेटा, काय करताय ते सांगा आणि वेळापत्रकाची प्रत मागा. बहुतेक ठिकाणी स्थानकावरच्या फलकाचा फोटो काढायलाही कुणी हरकत घेत नाही, तरी विचारून काढा. प्रत मिळतच नसेल तर माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करता येतो. मिळालेली यादी चौकशी खिडकीवर आणि एक-दोन वाहकांकडे पडताळून घ्या. फलकावर रंगवलेली गाडी बंद होऊन वर्ष झालेलं असू शकतं. मुक्कामी गाड्या, बाजाराच्या दिवशीच सुटणाऱ्या गाड्या आणि शाळेच्या सुट्टीत न जाणाऱ्या गाड्या वेगळ्या नोंदवा. लोकांची फजिती नेमकी याच गाड्यांवर होते.

दुसऱ्या एखाद्या ॲपमधली किंवा संकेतस्थळावरची अख्खी यादी उचलून आणू नका. त्यांच्या अटी असतात आणि त्यांच्या चुकाही सोबत येतात. महामंडळाचं बोधचिन्ह वापरू नका. पान अधिकृत नाही, प्रवाशांनी केलेलं आहे, हे ठळक लिहा.

४. साधं एचटीएमएल पान आधी उभं करा

एचटीएमएल ही पानाचा मजकूर मांडायची भाषा. नुसत्या तिच्यावर, जावास्क्रिप्ट नसतानाही, संपूर्ण वेळापत्रक वाचता आलं पाहिजे. एक तक्ता करा: वेळ, कुठे, कोणत्या मार्गे, कोणत्या दिवशी. वर गावांच्या आद्याक्षरांचे दुवे द्या म्हणजे खाली उडी मारता येईल. एवढ्यावर तुमचं सॉफ्टवेअर वापरण्याजोगं होतं. शोधाची चौकट, "पुढची गाडी" दाखवणारी ओळ, आवडीची गावं हे सगळं या तक्त्यावर चढवलेलं असावं. ते बंद पडलं तरी तक्ता शाबूत राहिला पाहिजे.

तक्ता हाताने लिहू नका. गाड्यांची यादी साध्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या) फाईलमध्ये ठेवा आणि पायथनच्या चाळीस-पन्नास ओळींच्या स्क्रिप्टने त्यातून एचटीएमएल तयार करा. क्रम लावणं, गटवारी करणं ही कामंही तिथेच उरका. तुमच्या संगणकाने एकदा केलेलं काम हजार स्वस्त फोनना पुन्हा पुन्हा करायला लावणं बरोबर नाही.

तीनेकशे गाड्यांचा तक्ता दाबल्यावर साधारणपणे दहा केबीच्या आत बसतो. चित्रं नकोत, आयकॉन नकोत, वाचकांची मोजणी करणाऱ्या बाहेरच्या स्क्रिप्ट तर नकोतच. त्या वजन वाढवतात आणि वाचणाऱ्याच्या मागावर राहतात.

५. देवनागरी नीट सांभाळा

मराठीत हलकं पान करायचं तर इंग्रजी शिकवण्या अर्ध्या वाटेपर्यंतच साथ देतात, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली गोष्ट बाइटची. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. "अक्कलकुवा" या नावात ९ चिन्हं आहेत, म्हणजे २७ बाइट. पण घाबरायचं कारण नाही. त्या तीन बाइटांतले पहिले दोन जवळजवळ सारखेच येत राहतात आणि जीझिप किंवा ब्रॉटली या फाईल दाबायच्या पद्धती अशी पुनरावृत्ती सहज दाबून टाकतात. म्हणून वजन नेहमी दाबलेल्या स्वरूपात मोजा आणि तुमचा होस्ट (पान जिथे ठेवलं ती सेवा) खरंच दाबून पाठवतो का हे ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये बघा. पायथनचा अंगभूत सर्व्हर दाबत नाही, त्यामुळे घरच्या चाचणीत आकडा मोठा दिसेल.

दुसरी गोष्ट फॉन्टची, आणि सगळ्यात जास्त वजन इथेच चढतं. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो आकार भरलेले असतात. एक जाडी म्हणजे एक फाईल, ठळक अक्षरासाठी दुसरी. तुमच्या सगळ्या मजकुराच्या कितीतरी पट वजन एका सुबक फॉन्टचं होतं. माझं स्पष्ट मत आहे की अशा पानावर वेबफॉन्ट, म्हणजे पानासोबत पाठवायचा फॉन्ट, वापरूच नये. आजच्या अँड्रॉइड फोनमध्ये नोटो सान्स देवनागरी किंवा उत्पादकाचा स्वतःचा देवनागरी फॉन्ट आधीपासून असतो. सीएसएसमध्ये फक्त "सान्स-सेरिफ" एवढं लिहा आणि फोनला त्याचं अक्षर वापरू द्या.

फॉन्ट द्यायलाच लागला, तर मुंबईच्या एक टाइपचा मुक्त परवान्याचा "मुक्ता" घ्या आणि फॉन्टटूल्स या पायथन संचातल्या साधनाने तो छाटा. छाटताना फॉन्टचे मांडणीचे नियम आणि शून्य रुंदीचे दोन्ही जोडक (अक्षरं जोडणारं आणि तोडणारं, पडद्यावर न दिसणारी चिन्हं) राखायला सांगा. नियम गेले तर जोडाक्षरं मोडतील, आणि जोडक गेले तर "दऱ्या"मधला अर्धा र मोडू शकतो. छाटल्यावर "खोऱ्यात, ज्ञान, हृदय, ॲप, ऑगस्ट, विठ्ठल, श्री, कृष्ण" अशी एक ओळ छापून डोळ्याने तपासा.

तिसरी गोष्ट: पानाची भाषा मराठी आहे असं एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये नोंदवा. ज्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं दिलेली असतात तो फॉन्ट मग ती वळणं उचलतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दृष्टी नसलेल्या माणसाचं, पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्या नोंदीवरून मराठी आवाज निवडतं.

ओळींमधली उंची दीडपट ते पावणेदोनपट ठेवा. इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलीत तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात आणि ठरावीक उंचीच्या चौकटींत मात्रा कापल्या जातात.

६. मराठीतला शोध

शोधाची चौकट दिसते सोपी. "शिरूर" टाकणारा, "शिरुर" टाकणारा आणि रोमन लिपीत टाकणारा असे तिघं येतात आणि तिघांनाही तीच गाडी हवी असते. मराठी कीबोर्ड लावलेलाच नसतो असे फोन खूप आहेत. हिंदीच्या सवयीने ळ ऐवजी ल आणि ण ऐवजी न लिहिणारेही भरपूर.

त्यातून काही घोळ डोळ्याला दिसतसुद्धा नाहीत. "ऱ्य" हे तीन तऱ्हांनी टंकता येतं: तयार ऱ घेऊन, र ला नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक वापरून. पडद्यावर तिन्ही सारखे, संगणकाला तीन वेगळे शब्द. युनिकोड या अक्षरांच्या जागतिक मानकातलं प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, पहिल्या दोन तऱ्हा एक करतं. तिसरी करत नाही. "ॲ"चंही तसंच आहे. ते एकसंध चिन्ह आहे, पण लोक अ ला चंद्र जोडूनही लिहितात आणि काही कीबोर्ड त्याच्या जागी हिंदीचं ऍ देतात. हे तिन्ही प्रमाणीकरणाने जुळत नाहीत.

यावर उपाय असा. प्रत्येक गावासाठी तयारीच्या स्क्रिप्टमध्येच एक "शोध-किल्ली", म्हणजे नावाचं फक्त जुळवणीसाठी सोपं केलेलं रूप, बनवा आणि वाचकाने टाकलेल्या शब्दालाही तेच नियम लावा:

- आधी एनएफसी प्रमाणीकरण करा, मग शून्य रुंदीची चिन्हं काढून टाका.
- सगळ्या ऱ्हस्व-दीर्घ जोड्या एकच करा: ई ची इ, ऊ चा उ, वेलांट्या आणि उकारसुद्धा.
- ळ चा ल, ण चा न, ष चा श, ऱ चा र करा.
- शब्दाच्या मध्ये व्यंजनापूर्वी आलेला अर्धा न किंवा म अनुस्वारात बदला.
- ॲ, ऍ आणि अ ला जोडलेला चंद्र, तिन्ही एकाच रूपात आणा.

हे सगळं वीस-पंचवीस ओळींत होतं, कुठली लायब्ररी लागत नाही. रोमन नावांसाठी सीएसव्हीत एक जादा रकाना ठेवा आणि लोक जे जे स्पेलिंग वापरतात ते सगळे त्यात भरा. लिप्यंतराचा कार्यक्रम लिहिण्याच्या भानगडीत पडू नका. एका आगाराची शंभर-दीडशे गावं हाताने भरणं जलदही होतं आणि बिनचूकही.

नावांवरून आणखी एक. वाड्या, पाडे, तांडे यांची नावं लोक ज्या रूपात बोलतात ती ठेवा. सरकारी कागदावर एक नाव आणि वाहकाच्या तोंडी दुसरं असेल तर किल्लीत दोन्ही घ्या.

७. रेंज नसताना चाललं पाहिजे

सर्व्हिस वर्कर म्हणजे तुमचं पान फोनमध्येच साठवून ठेवणारी छोटी जावास्क्रिप्ट फाईल. एकदा पान उघडलं की पुढे विमान मोडमध्येही ते उघडतं. आमच्या मते या कामातला सगळ्यात मोठा लाभ हाच. सगळ्यात जास्त नवखे अडकतात तेही इथेच, म्हणून सापळे एकेक करून सांगतो.

शिळं वेळापत्रक: फोनने जुनं पान धरून ठेवलं आणि गाडीची वेळ बदलली तर माणूस उन्हात ताटकळतो. साठ्याच्या नावात आवृत्ती घाला, नवी आली की जुना साठा पुसा. साठवलेलं पान आधी दाखवा, पाठीमागे नवं आहे का ते बघा आणि असेल तर वरच्या बाजूला "नवीन वेळापत्रक आलं आहे" अशी ओळ द्या. तक्त्याच्या डोक्यावर "या वेळा अमुक तारखेला तपासल्या" हे कायम दिसू द्या. ही तारीख काढून टाकायचा मोह कधीही होऊ देऊ नका.

एचटीटीपीएस: सर्व्हिस वर्कर या सुरक्षित जोडणीवरच चालतो. अपवाद फक्त लोकलहोस्टचा, म्हणजे त्याच यंत्रावरून दिलेल्या पानाचा. त्यामुळे संगणकावर चालणारं पान तुम्ही वायफायवरून संगणकाचा आयपी पत्ता टाकून फोनवर उघडलंत, तर पान दिसेल पण साठवणूक होणार नाही आणि चूक शोधण्यात दिवस जाईल. यूएसबी केबल लावा, फोनवर यूएसबी डीबगिंग सुरू करा आणि एडीबी या अँड्रॉइडच्या साधनातल्या रिव्हर्स आज्ञेने संगणकाचा पोर्ट फोनला जोडा. मग फोनलाही तो लोकलहोस्टच वाटतो.

जुन्या फोनवरचं प्रमाणपत्र: सुरक्षित जोडणीसाठी लागणारी प्रमाणपत्रं मोफत देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनना ओळखू येत नाही. जुन्या फोनसाठी ठेवलेली जोडवाट सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. असा फोन तुमचं पान "असुरक्षित" म्हणून अडवेल. अँड्रॉइडसाठीचा फायरफॉक्स स्वतःची प्रमाणपत्रं सोबत बाळगतो, त्यामुळे फोनवर तो चालत असेल तर अडचण सुटते. नसेल, तर दुसऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र देणारा होस्ट निवडा आणि तुमच्या यादीतल्या सगळ्यात जुन्या फोनवर तो आधी तपासा.

आयफोनवर सफारी सात दिवस न उघडलेल्या पानाचा साठा पुसून टाकते. पान होम स्क्रीनवर जोडलेलं असेल तर पुसत नाही. तेवढी सूचना पानावर द्या.

८. खऱ्या फोनवर, खऱ्या जागी तपासा

संगणकावर आधी फायरफॉक्सच्या नेटवर्क टॅबमध्ये वेग टूजीवर आणून बघा. मग जावास्क्रिप्ट बंद करून बघा. मग डिलोत उघडा. डिलो जावास्क्रिप्ट चालवतच नाही, त्यामुळे तिथे तक्ता वाचता आला की तुमचा पाया पक्का आहे याची खात्री पटते. क्रोमियममध्ये प्रोसेसरचा वेगही चार किंवा सहा पटींनी कमी करता येतो. तो नक्की करा, कारण स्वस्त फोनवर पान उशिरा येण्याचं कारण बऱ्याचदा नेट नसून जावास्क्रिप्ट उलगडण्यात दमलेला प्रोसेसर असतो.

हे झालं की फोन घेऊन स्थानकावर जा. दुपारच्या उन्हात पडदा दिसतो का? राखाडीवर राखाडी अक्षरं तिथे नाहीशी होतात. अंगठ्याने नेमका दुवा दाबला जातो का? पान बनवण्यात ज्याचा हात नाही अशा माणसाच्या हाती फोन द्या, "अमुक गावची संध्याकाळची शेवटची गाडी शोधा" एवढंच सांगा आणि गप्प बसा. मध्ये बोललात तर चाचणी वाया गेली.

९. परवाना लावा

कोड उघड्यावर ठेवला म्हणजे तो मुक्त झाला, असं नाही. परवाना नसलेल्या कोडवर कायद्याने तुमचाच हक्क राहतो आणि दुसऱ्या तालुक्यातल्या मुलीला तो घेऊन तिच्या आगाराचं पान करण्याची परवानगी मिळत नाही. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे वापरणं, अभ्यासणं, वाटणं आणि बदलून वाटणं या चारही गोष्टींची मोकळीक. ती लेखी द्यावी लागते.

जीपीएल आवृत्ती ३ घेतलीत तर पुढे बदल करून वाटणाऱ्यालाही तीच मोकळीक द्यावी लागते. एमआयटी परवाना छोटा आहे आणि तशी अट घालत नाही. सार्वजनिक उपयोगाच्या अशा कामाला मी जीपीएल लावतो. लोकांनी मिळून पडताळलेली गोष्ट उद्या कुणी कुलपात घालू नये असं मला वाटतं.

माहितीचा परवाना कोडपासून वेगळा ठेवा. गावांची नावं किंवा ठिकाणं ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावरून घेतलीत तर त्यांचा डेटाबेसचा परवाना आणि श्रेयनिर्देश पाळायला लागतो. फॉन्टचा परवाना तिसराच असतो. तिन्हींची नावं एका फाईलमध्ये लिहा.

नोकरीत असाल तर आधी नेमणूकपत्र वाचा. भारतीय कॉपीराइट कायद्यात नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो आणि सॉफ्टवेअर हे कायद्याच्या दृष्टीने लेखनच आहे. हे काम स्वतःच्या वेळात, स्वतःच्या संगणकावर करा.

१०. प्रसिद्ध करा आणि हातोहात पोचवा

कोड कोडबर्गसारख्या ना-नफा ठिकाणी ठेवा. पान पूर्ण स्थिर, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेलं, असल्याने कुठल्याही मोफत होस्टवर राहू शकतं. पत्ता छोटा घ्या, तो कीपॅडवर टंकायचा आहे. स्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर, झेरॉक्सच्या दुकानात क्यूआर कोडचा कागद लावायला मालकाला विचारा आणि त्याखाली पत्ता मोठ्या अक्षरांत छापा.

ज्यांच्याकडे नेटच नाही त्यांच्यासाठी सगळं एकाच एचटीएमएल फाईलमध्ये भरलेली आवृत्तीही तयार ठेवा. ती ब्लूटूथने, मेमरी कार्डने, व्हॉट्सॲपवरून जाते. अशा फाईलला सर्व्हिस वर्कर मिळत नाही आणि ती स्वतःहून अद्ययावत होत नाही, म्हणून फाईलच्या नावातच तारीख घाला. तक्ता जावास्क्रिप्टशिवाय वाचता येतो, ही चौथ्या पायरीची मेहनत इथे कामी येते.

अँड्रॉइड ॲप हवंच असेल तर एफ-ड्रॉइड या ॲपच्या भांडारावर द्या. तिथे फक्त मुक्त सॉफ्टवेअर घेतात आणि ते मूळ कोडमधून स्वतः बांधतात. पण आधी पान नीट चालू द्या. फोनमध्ये जागा नसलेला माणूस नवं ॲप उतरवत नाही.

११. चालू ठेवण्याची व्यवस्था

वेळा बदलल्याचं कळवायला पानावर एक फोन क्रमांक द्या, पण तो कुणाचा खासगी नको, त्यासाठी वेगळं सिम घ्या. कळवणाऱ्याला गिट येत नसतं आणि यायची गरजही नाही. त्याने सांगितलेलं वहीत उतरवा, खिडकीवर पडताळा, सीएसव्हीत भरा.

तयारीच्या स्क्रिप्टमध्ये शेवटी वजनाची तपासणी घाला: दाबलेलं पान १४ केबीच्या पुढे गेलं तर स्क्रिप्टने पान तयार करायला नकार द्यावा. नवीन मदतनीस उत्साहाने चित्र घालतो तेव्हा ही तपासणीच त्याला अडवते, तुम्हाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

रीडमी मराठीत लिहा, सोबत इंग्रजीतही ठेवा. दुसऱ्या आगारासाठी काय काय बदलायचं ते त्यात क्रमाने सांगा: सीएसव्ही, आगाराचं नाव, संपर्क, एवढंच पुरायला हवं. पुरत नसेल तर कोडमध्ये तुमच्या तालुक्याची नावं कुठेतरी शिरलेली आहेत, ती शोधून बाहेर काढा.

आणि पहिल्या महिन्यातच दुसरा माणूस जोडीला घ्या. कोडच्या खात्यावर, होस्टवर आणि पत्त्याच्या नोंदणीवर दोघांनाही शिरता आलं पाहिजे. पत्त्याच्या नूतनीकरणाची तारीख दोघांच्या दिनदर्शिकेत लिहा. शाळा सुरू होताना आणि दिवाळीच्या जादा गाड्या लागताना वेळा हमखास बदलतात, तेव्हा दोघांपैकी एकाने चौकशी खिडकीवर जाऊन यादी नव्याने जुळवायची आणि तक्त्याच्या डोक्यावरची तारीख बदलायची.